बाई पलीकडे जाऊन येतात

इस्पितळाच्या तळघरात, औषधांच्या कोठाराला लागून, एक अरुंद खोली आहे. तिला खिडकी नाही. आत एक टेबल, एक फिरती खुर्ची, बटणांचा लांबलचक बोर्ड आणि भिंतीवर सगळ्या विभागांच्या नंबरांचा तक्ता. त्या तक्त्याकडे बाईंनी गेल्या कित्येक वर्षांत मान वर करून पाहिलेलं नाही. सगळे नंबर तोंडपाठ. बाहेरून कुणीही इस्पितळाला फोन केला की पहिला आवाज यायचा तो बाईंचा. "नमस्कार, बोला." मग ऐकून घेणं, आणि मग "एक मिनिट हं, जोडते."

नवीन आलेले डॉक्टर आधी हा आवाज ओळखायला शिकायचे आणि कधीतरी जेवणाच्या खोलीत बाईंना प्रत्यक्ष पाहून चाट पडायचे. आवाजावरून त्यांनी कुणी उंच, करारी बाई मनात धरलेली असायची. बाई तशा ठेंगण्या, अंगानं गुबगुबीत, केसांना चाप लावलेल्या आणि रांगेत कुणी घुसलं तर त्यालाच "बसा ना, मला घाई नाही" म्हणणाऱ्या.

कुणाला काही करायला सांगणं बाईंच्या अगदी जिवावर यायचं. घरी पंखा बंद करावासा वाटला तर त्या नवऱ्याला विचारायच्या, "गार पडलंय का हो जरा?" नवरा म्हणायचा, "नाही बुवा." मग बाई शाल घेऊन बसायच्या. त्यांच्या खोलीच्या दारात कोठारवाल्यांनी औषधांची रिकामी खोकी रचून ठेवली होती. बाई रोज अंग चोरून आत शिरायच्या. एकदा त्यांनी कोठारवाल्याला म्हटलं होतं, "बरीच खोकी झाली की हो." तो म्हणाला, "हो ना, जागाच नाही." विषय तिथे संपला होता.

नवऱ्याचा धंदा बरोबर उलटा. ते गाडी चालवायला शिकवायचे. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, आणि गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्याकडून बोलणी खात गिअर टाकायला शिकलेलं होतं. त्यांच्या गाडीला डाव्या बाजूला, म्हणजे त्यांच्या पायाशी, वेगळा ब्रेक होता. जन्मभर तो दाबून पायाला अशी सवय लागली होती की घरी सोफ्यावर बसून टीव्हीत कुणी गाडी भरधाव सोडली तरी सरांचा पाय फरशीवर दाबला जायचा.

सरांना एकच शौक, होडीचा. गावाला लागून मोठा तलाव आहे. इतका मोठा की हवा धुरकट असली तर पलीकडचा काठ दिसत नाही. तिथल्या धक्क्यावर सरांची शिडाची छोटी होडी असायची. दोघांपुरती, निळा रंग जागोजाग उडालेला. लग्न झाल्यापासून बहुतेक रविवार दोघांनी त्या होडीत काढले होते. सर मागे बसायचे, एका हातात सुकाणूचा दांडा आणि दुसऱ्या हातात मोठ्या शिडाचा दोर. बाई पुढे. त्यांच्याकडे पुढच्या लहान शिडाचा दोर. "ओढ." "सोड." "डोकं खाली." बाई ओढायच्या, सोडायच्या, डोकं खाली करायच्या. पाण्यावर त्यांना छान वाटायचं. तळघरात दिवस काढणाऱ्या माणसाला एवढं मोठं आभाळ एकदम मिळालं की दुसरं काही मागावंसं वाटत नाही.

मग सरांचा खांदा गेला. होडी हातगाडीवरून उतरवताना एका बाजूचा भार अचानक त्यांच्यावर आला आणि आत काहीतरी तुटल्यासारखं झालं. हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले आणि सांगितलं, "ऑपरेशन टळलं म्हणून खूश राहा. शेजारी बसून शिकवा, होडीतही बसा, डाव्या हातानं हलकंसलकं ओढा. पण सुकाणू आणि मोठं शीड वर्षभर विसरायचं. एक झटका बसला की परत माझ्याकडे."

पुढचे काही आठवडे होडी धक्क्यावर ताडपत्रीखाली पालथी पडून राहिली. सर घरात येरझाऱ्या घालायचे. एका संध्याकाळी बाई ओट्याशी मटार सोलत असताना ते म्हणाले, "विकून टाकू. पडून पडून कुजेल नाहीतर."

बाईंच्या तोंडून निघून गेलं, "मी चालवू का?" आणि लगेच, "म्हणजे, तुमची हरकत नसेल तर."

सर हसले. त्यात दुष्टपणा नव्हता. पहिल्या दिवशी आलेल्या शिकाऊ माणसानं हायवेचं नाव काढलं की ते असेच हसायचे. पण हसून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बाई हसत नाहीयेत. मटार सोलायच्याही थांबल्यात.

"बघू," सर म्हणाले. "रविवारी वारा कमी आहे."

पहिल्या रविवारी दोघांनी जागा बदलल्या. बाई मागे, सर पुढे. एवढ्या वर्षांत बाईंनी सरांच्या हाताकडे हजार वेळा पाहिलं असेल, पण दांडा स्वतःच्या मुठीत आला तेव्हा कळलं की डोळ्यांना माहीत असणं वेगळं आणि मनगटाला माहीत असणं वेगळं. दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे जाते. हे बाईंना माहीत होतं, फक्त त्यांच्या हाताला पटत नव्हतं. शिवाय दांडा जिवंत होता. पाणी त्याला खालून सारखं हलकं ढोसत होतं.

सर पुढे बसले होते खरे, पण तोंड मागे करून. पाठ तलावाकडे, नजर बाईंच्या हातावर.

"डावीकडे घे. अगं डावीकडे! दांडा नव्हे, होडी! दोर सोड थोडा. एवढा नको. आता सरळ. सरळ म्हणजे सरळ. वर बघ, शीड फडफडतंय. फडफडलं की काय करायचं?"

"काय करायचं?" बाईंनी विचारलं. खरं तर त्यांना माहीत होतं.

"दोर ओढायचा!"

बाईंनी ओढला. मग सरांनी सांगितलं तिथे वळल्या, सांगितलं तेव्हा सरळ झाल्या. सरांचा पाय मधूनमधून होडीच्या तळावर दाबला जात होता. तिथे ब्रेक नव्हता. असं करत तासाभरानं ते धक्क्याकडे परतले.

धक्क्याला होडी लावणं हे सगळ्यात अवघड काम. होडी आपोआप थांबत नाही. बरोबर वेळी तिचं तोंड वाऱ्याकडे करून शिडातला जोर काढून घ्यावा लागतो, म्हणजे ती पाण्यावरच दमून धक्क्यापाशी येऊन उभी राहते. धक्का जवळ आला तसे सर म्हणाले, "आत्ता वळव!" बाई वळू लागल्या. "नको, थांब, अजून थोडं पुढे!" बाईंनी वळणं सोडलं. "आता! आता!" होडी धड वळली नाही आणि धड सरळही गेली नाही. ती आडवी होऊन धाडदिशी धक्क्यावर आदळली.

धक्क्याची राखण करणारे काका तिथेच खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. त्यांचा कप पाण्यात गेला. काका उठून वाकले, होडीच्या कडेवरून हात फिरवून बघितला आणि म्हणाले, "काही मोडलं नाही. पण चालवत कोण होतं?"

सर म्हणाले, "ही." त्याच क्षणी बाई म्हणाल्या, "हे."

काकांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि दुसरा कप आणायला आत गेले.

घरी येताना बाईंच्या डोक्यात काकांचा तो प्रश्न घोळत राहिला. दांडा त्यांच्या हातात होता, दोर त्यांच्या हातात होता. तरी त्यांनी "हे" म्हटलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. आदळली तेव्हा होडी खरोखर कुणीच चालवत नव्हतं.

सरांना घरी राहा असं तोंडावर सांगणं काही बाईंना जमण्यातलं नव्हतं. त्यांनी वाकडी वाट काढली आणि नणंदेला फोन लावला. सरांची ही थोरली बहीण, सगळे तिला अक्का म्हणायचे. बाजाराच्या मागच्या गल्लीत अक्कांची लॉन्ड्री. वाफेनं भरलेल्या खोलीत चार मुली इस्त्रीला उभ्या आणि मध्ये अक्का, बाह्या वर सारून. होडीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं आणि पोहताही येत नव्हतं.

"लाइफ जॅकेट देशील ना?" अक्कांनी विचारलं.

"हो."

"मग येते. दिवसभर त्या वाफेत माझं बटाट्यासारखं होतं."

रविवारी अक्का होडीत चढल्यावर तिसऱ्या माणसाला जागाच उरली नाही. सर धक्क्यावर राहिले. होडी सुटली तसे ते कडेला येऊन ओरडत होते, "दोर बघ! तिचं वजन त्या बाजूला घे!" मग नुसतं "...जूला!" ऐकू आलं, आणि मग काहीच नाही. बाईंना पहिल्यांदा शिडाचा आवाज ऐकू आला. किती बारीक करकर असते त्याला.

"अक्का," बाई म्हणाल्या, "तो तुमच्या हातातला दोर आहे ना, तो जरा ओढता का? म्हणजे सावकाश, जमेल तसं."

बाईंचं वाक्य संपेपर्यंत झुळूक येऊन गेली होती. पुढच्या वळणाला तेच झालं आणि त्याच्या पुढच्या वळणालाही. होडी दर वेळी वाऱ्यात अडकून उभी राही आणि हळूच मागे सरके. अशी सरकत सरकत ती काठाच्या लव्हाळ्यात कधी शिरली ते दोघींनाही कळलं नाही. नेमका वाराही पडला. चारी बाजूंनी डोक्याइतकं उंच हिरवं गवत, खाली शेवाळ. होडीच्या मधोमध एक फळी खाली पाण्यात सोडलेली असते, होडी आडवी घसरू नये म्हणून. त्या फळीला शेवाळाचे झुबके गुंडाळले गेले. होडी जागची हलेना.

लव्हाळ्यातून एक पाणकोंबडी बाहेर आली, तिनं या दोघींना पाहिलं आणि परत आत गेली.

"काय करायचं आता?" अक्कांनी विचारलं.

"ती मधली फळी वर घ्यायला हवी बहुतेक. तुम्हाला हात पोचत असेल तर... नाहीतर मी येते तिकडे. पण मग दांडा..."

"ए, थांब," अक्का म्हणाल्या. "तू मला सांगतेयस की विचारतेयस?"

बाईंनी दांडा उगाच इकडून तिकडे केला.

"मी माझ्या मुलींना म्हटलं असतं, 'जमलं तर कॉलरवर इस्त्री फिरवता का,' तर अख्खं गाव चुरगळलेल्या कपड्यांत फिरलं असतं. मला यातलं काही कळत नाही. तुला कळतं. मग सांग की! मला राग येत नाही. आणि आलाच तर इथून उठून मी जाणार आहे कुठे?"

बाईंना हसू आलं. मग त्या हसतच म्हणाल्या, "फळी वर."

"किती?"

"पूर्ण."

अक्कांनी दोन्ही हातांनी फळी उपसली. हिरवा चिखल त्यांच्या मांडीवर ओघळला.

"वल्हं घ्या. पुढे टेकवा. ढकला. अजून. अजून एकदा. बस."

होडी मागच्या मागे मोकळ्या पाण्यात आली. बाईंच्या कानाला स्वतःचा आवाज अनोळखी वाटला. तो चढलेला नव्हता की रागावलेला नव्हता. त्यातून 'जरा', 'जमेल तसं' ही शेपटं तेवढी गळून पडली होती. थोड्या वेळानं पाण्यावर बारीक सुरकुत्या दिसल्या. वारा येत होता. "फळी खाली," बाई म्हणाल्या. "दोर ओढा. धरून ठेवा."

परतताना धक्का जवळ आला तेव्हा बाईंनी कुणालाच काही विचारलं नाही. त्या मनात अंदाज घेत राहिल्या आणि वळल्या. शिडातलं वारं निघून गेलं, होडी मंद होत होत आली आणि धक्क्यापासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिली. हात पोचेना. काकांनी दोर फेकला.

"हातभर कमी पडलं," सर म्हणाले. ते एवढा वेळ उभेच होते असं काकांनी नंतर सांगितलं.

"आदळण्यापेक्षा बरं," अक्का म्हणाल्या.

त्यानंतर बरेच रविवार बाई आणि अक्का जात राहिल्या. एकदा धक्क्याजवळच होडी उलटली. अक्का लाइफ जॅकेटमध्ये बाटलीच्या बुचासारख्या वर आल्या आणि तोंडातलं पाणी थुंकून म्हणाल्या, "हे सांगायचं राहिलं होतं का?" काकांनी दोघींना ओढून घेतलं. बाईंनी त्या दिवशी एक गोष्ट पक्की केली. शीड फार ओढून धरायचं नाही. वाऱ्याचा धक्का आला की दोर आधी सोडायचा, विचार नंतर. पुढच्या रविवारी अक्का येतील असं त्यांना वाटलं नव्हतं. अक्का आल्या, डब्यात जास्तीचे कोरडे कपडे घेऊन.

एका सोमवारी बाई कामावर गेल्या आणि दारातल्या खोक्यांपाशी थांबल्या. कोठारवाला आत नोंदी करत होता.

"ही खोकी हलवा," बाई म्हणाल्या. "आजच."

तो दचकला. "हो हो, लगेच. आधी सांगायचं ना बाई."

बाई नेहमीसारख्या अंग चोरून आत गेल्या आणि खुर्चीत बसल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दार मोकळं झालं.

थंडी सरत आली तेव्हा सरांनी एका शनिवारी विचारलं, "उद्या मला घेशील?" आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघून पुढे म्हणाले, "बोलणार नाही. लिमलेटच्या गोळ्या आणल्यात. तोंडात ठेवतो."

बेत पलीकडे जाण्याचा होता. पलीकडच्या काठावर पाणी उपसायचं पंपघर आहे. सर आणि बाई दर वर्षी एकदा तरी तिथवर जाऊन यायचे. बाईंनी होडी छान काढली. सर पुढे, लहान शिडाचा दोर डाव्या हातात, आणि तोंड खरोखरच पुढे. गोळी गालात. बाई म्हणाल्या, "वळतेय," की ते दोर सोडायचे आणि दुसऱ्या बाजूचा ओढायचे. सर कामाला चांगले होते. बाईंना हे कधी माहीतच नव्हतं.

तलावाच्या मध्यावर आल्यावर बाईंना डाव्या हाताला, दूर, पाणी काळपट दिसलं. आभाळाच्या त्या कोपऱ्यातही एक जाड, मळका पट्टा होता. पलीकडच्या काठावर कुणीतरी पालापाचोळा पेटवला होता. त्याचा धूर मघा सरळ वर जात होता, आता तो जमिनीला टेकून पसरला होता.

बाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपण परत जाऊ या."

सरांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "का?"

"तिकडे बघा."

सरांनी बघितलं. "अगं, ती नुसती झुळूक आहे. असं दर वेळी दिसतं. दहा मिनिटांत पंपघर."

"येताना?"

"येताना काय? मी या तलावावर इतकी वर्षं..."

"वळतेय," बाई म्हणाल्या. "पुढचं सोडा."

क्षणभर सर हलले नाहीत. दोर त्यांच्या मुठीत तसाच. बाईंनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही आणि नजरही काढली नाही. मग सरांनी दोर सोडला, शिडाखालचा आडवा दांडा डोक्यावरून गेला आणि होडीचं तोंड गावाकडे झालं.

आणि तो जोराचा वारा आलाच नाही. ते धक्क्याला लागेपर्यंत तो काळपट पट्टा विरून गेला होता. आभाळ धुतल्यासारखं निवळलं, तलावावर हलकी झुळूक तेवढी राहिली आणि त्यांच्यानंतर निघालेल्या दोन होड्या मजेत पलीकडे जाऊन आल्या.

"एवढ्यात?" काकांनी विचारलं.

सरांनी कडकन गोळी फोडली.

घरी सर मुकाट्यानं जेवले. बाईंनाही रात्रभर स्वस्थ वाटलं नाही. आपण भित्र्यासारखं केलं का? सर म्हणत होते ते खरंच ठरलं की. एकदा त्यांच्या ओठांवर "चुकलंच माझं" आलंही होतं. पण ते म्हणताना मनात तो काळपट पट्टा यायचा, आणि पुन्हा तिथे असते तर आपण पुन्हा वळलोच असतो हेही कळायचं. मग जे चुकलं असं वाटतच नाही त्याची माफी कशी मागायची? सकाळी त्या तशाच कामावर गेल्या.

दोन दिवसांनी सर संध्याकाळी घरी आले, चपला काढल्या आणि हातपाय न धुताच स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसले.

"आज एक गंमत झाली," ते म्हणाले. "ती बँकेतली मुलगी आहे ना, माझ्याकडे शिकते ती. पुढे ट्रक. रस्ता रिकामा. मी म्हटलं, काढ गाडी पुढे. नाही काढली. मागे हॉर्न वाजायला लागले. मी म्हटलं, अगं काढ! तर म्हणाली, 'सर, मला वळणापलीकडचं दिसत नाही.' समोरून काही आलं नाही. काही म्हणजे काही नाही. साधी सायकलसुद्धा नाही."

"मग?"

"मग मी तोंड उघडलं, आता हिला झाडतो म्हणून. आणि तीच म्हणाली, 'पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलंत, खात्री नसेल तर जायचं नाही.'" सरांनी खांदा चोळला. "मी सगळ्यांना सांगतो ते. गाडीत बसल्याबसल्या सांगतो."

बाईंनी गॅस बारीक केला. कुकरचा आवाज बसला.

"रविवारचं बरोबर होतं की चूक, ते मी सांगत नाही," सर म्हणाले. "नियमात बसतं, एवढंच म्हणतो."

"बरं," बाई म्हणाल्या.

"मी असतो तर गेलो असतो."

"माहीत आहे मला."

मग सर हातपाय धुवायला गेले.

पुढे सरांचा खांदा सुधारला आणि ते पुन्हा सुकाणूला बसू लागले. आता कुणाचा रविवार यावर शनिवारी घरात हुज्जत असते आणि अक्का फोनवरून निवाडा देतात, बहुतेक वेळा भावाच्या विरुद्ध. पण ते नंतरचं. त्याच्या आधी, सर अजून पुढेच बसत होते तेव्हाच, बाई पलीकडे जाऊन आल्या.

त्या दिवशी वारा असा होता की जणू कुणी हलक्या हातानं पाठीवर हात ठेवून चालवतंय. मध्यावर आल्यावर बाईंनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पाणी सगळीकडे एकाच रंगाचं. त्या पुढे गेल्या. पंपघर आधी ठिपक्याएवढं होतं, मग त्याला छप्पर आलं, दार आलं, दारावरचं कुलूप दिसू लागलं. काठाला सिमेंटच्या पायऱ्या होत्या. बाईंनी होडीचं तोंड वाऱ्याकडे केलं, शीड सैल सोडलं, आणि होडी पायरीला अगदी हलकेच टेकली.

सर उतरले. बाई उतरल्या. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. कुलूपबंद खोली, काटेरी झुडपं, उन्हात तापलेला एक गंजका पाइप. दोघं पायरीवर बसले आणि त्यांनी डब्यातली उकडलेली अंडी मीठ लावून खाल्ली. पलीकडे त्यांचं गाव एक पांढरट रेघ झालं होतं. त्या रेघेत इस्पितळ कुठे असेल ते बाईंनी शोधून बघितलं. सापडलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी शोधणं सोडून दिलं आणि दुसरं अंडं सोललं.

परतताना तोच वारा समोरून आला. सरळ गावाकडे जाता येईना, बाजू बदलत बदलत जावं लागणार होतं. बाईंनी एकदा दूर बघितलं आणि विचारलं, "तुमचं काय मत? इथूनच वळू की अजून थोडं पुढे जाऊन?"

कुणी आपल्याला विचारेल याची सरांना कल्पनाच नव्हती. त्यांनी गोळी गिळून टाकली. पाण्याकडे बघितलं, शिडाकडे बघितलं. "मी अजून थोडा गेलो असतो," ते सावकाश म्हणाले. "पाण्यातल्या त्या जुन्या खांबांपर्यंत. तिथे वारा जरा मोकळा लागतो."

बाईंनी विचार केला. खांबांपर्यंत गेल्या आणि तिथे वळल्या. वारा खरंच मोकळा होता.

धक्क्याला लागले तेव्हा ऊन कलत होतं आणि काका घरी गेले होते. खुर्ची रिकामी. दोर फेकायला कुणी नव्हतं, त्याची गरजही पडली नाही. बाई स्वतःच उतरल्या आणि त्यांनी होडी बांधली. सरांना मात्र राहवेना. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना घास गोड लागणार नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे अक्कांना फोन लावला.

"हो, पलीकडे. हो, पंपघरापर्यंत... हिनंच. सगळं हिनंच. नाही गं, मी काही बोललो नाही... बरं, एकदा बोललो. पण तिनं विचारलं म्हणून!"

बाईंनी मोठं शीड उतरवून धक्क्यावर पसरलं होतं. त्याची घडी एकट्यानं घालता येत नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "ते राहू दे आधी. हे टोक धरा."

सरांनी फोन बंद न करताच खिशात टाकला आणि टोक धरलं. दोघं शिडाच्या दोन बाजूंना वाकले आणि खिशातून अक्कांचा आवाज येत राहिला, "हॅलो? अरे, मग पुढे काय झालं? हॅलो?"